‘मी’ आणि ‘आम्ही’ : दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतील सर्वनामांचा विचार

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट प्रत्येक मराठी भाषकाला ठाऊक असते. परंतु तिचे महत्त्व परभाषेशी तुलना केल्याखेरीज सहसा जाणवत नाही. ‘आपण’ म्हणणारा ऐकणाराला आपल्यात घेतो. ‘आम्ही’ म्हणणारा त्याला बाहेर ठेवतो. फ्रेंच भाषेतील ‘नू’ किंवा इंग्रजीतील ‘वुई’ यांत हा भेद नाही. तेथे श्रोता आत आहे की बाहेर, हे संदर्भावरून ठरवावे लागते. मराठीत ते सर्वनामच सांगून टाकते.

यास जोडूनच दुसरी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मराठीतील प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग प्रकट करते. ‘मी सांगते’ असे म्हणताच बोलणारी स्त्री आहे हे कळते. पण तीच स्त्री ‘आम्ही’ म्हणू लागली की क्रियापद ‘सांगतो’ असे होते आणि प्रमाण मराठीत पुरुषांच्या ‘आम्ही सांगतो’हून ते वेगळे राहत नाही. ‘आम्ही सगळ्या’ असे एखादे विशेषण जोडले तरच लिंग परत येते. म्हणजे ‘मी’ म्हणावे तर स्त्रीपण दिसते, समाज दिसत नाही. ‘आम्ही’ म्हणावे तर समाज दिसतो आणि स्त्रीपण क्रियापदातून पुसले जाते. व्याकरणाची ही सोय-गैरसोय सर्वच मराठी स्त्रियांना समान आहे. परंतु जिला जातीच्या आणि लिंगाच्या अशा दोन्ही बाजूंनी आजवर दुसऱ्यांनीच रंगविले, तिने स्वतःविषयी लिहावयास घेतले की या दोन शब्दांपैकी कोणता उचलावयाचा, हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. प्रस्तुत लेखात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा आणि त्यांच्या रंगमंचीय रूपांचा विचार या एका अंगाने केला आहे.

आरंभ १८५५ पासून करावा लागतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. म्हणजे आज आपल्या भागातील अभ्यासक ज्या संस्थांत जुनी मराठी पुस्तके शोधतात, त्या निघण्यापूर्वीच हा निबंध छापलेला होता. त्यातील ‘आम्ही’ मांग आणि महार अशा दोन्ही जातींना कवेत घेते आणि धर्माची मालकी सांगणाऱ्या वाचकाला समोर उभे करून प्रश्न विचारते. पुढे या जागी सव्वाशे वर्षांची पोकळी दिसते. ती लेखनाची पोकळी आहे, बोलण्याची नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत, जलशांच्या गाण्यांत आणि चळवळीच्या सभांत स्त्रिया बोलतच होत्या; त्यांचे बोलणे पुस्तक मात्र होत नव्हते.

ही पोकळी १९८० नंतरच्या दशकात भरू लागली. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये, मुक्ता सर्वगोड यांचे ‘मिटलेली कवाडे’ १९८३ मध्ये आले. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तकरूपाने आले. शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ १९९० चे, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ चे. नुसती शीर्षके एकाखाली एक मांडली तरी सर्वनामांचा झगडा डोळ्यांसमोर येतो: ‘आमुचं’, ‘माज्या’, ‘आम्हा’, आणि शेवटी सर्वनाम टाकून दिलेले एक नाम.

तुलनेसाठी रमाबाई रानडे यांच्या १९१० च्या आठवणींचे शीर्षक घ्यावे. त्यातही ‘आमच्या’ आहे. पण ते दोघांचे, म्हणजे पतिपत्नींचे ‘आमच्या’ आहे. बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये पती नाही, वस्ती आहे. फलटणजवळच्या महारवाड्यातील सण, देवीचे वारे, उपासमार, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने हललेली माणसे, असा सारा समाज त्या एका सर्वनामात येतो. त्या शब्दाचे रूपही पाहण्याजोगे आहे. ‘आमुचे’ हे अभंगवाणीतून आणि जुन्या कवितेतून परिचित असलेले रूप. ‘जिणं’ आणि ‘आमुचं’ यांतील अनुस्वारान्त उच्चार मात्र आजच्या तोंडचा. प्रमाण लेखनाने ‘आमचे जीवन’ म्हटले असते. बेबीताईंनी जुन्या पद्यातील रूपाला बोलण्याचा शेवट दिला आणि प्रमाण गद्य दोन्ही बाजूंनी टाळले. शांताबाई दाणी यांच्या पुस्तकाचे नावही तुकोबांच्या अभंगातून आलेले आहे. ‘आम्ही’ला पद्याचा आधार घ्यावासा वाटतो, यात नवल नाही, मराठीत सामान्य माणसांचे ‘आम्ही’ प्रथम संतांनीच छापण्याजोगे केले.

शांताबाई कांबळे यांच्या शीर्षकात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तीन ध्वनिप्रक्रिया एकत्र सापडतात. ‘माझ्या’चे ‘माज्या’ होताना महाप्राण गळतो. ‘जन्म’चे ‘जल्म’ होताना शेजारी आलेल्या दोन अनुनासिकांपैकी पहिले विसदृश होते. ‘चित्र’चे ‘चित्तर’ होताना जोडाक्षर फुटून त्यात स्वर शिरतो व आधीचे व्यंजन दुणावते. या तिन्ही प्रक्रिया देशावरच्या ग्रामीण बोलीत सर्रास आढळतात आणि त्या कोणा एका जातीच्या नाहीत. ‘दलितांची भाषा’ म्हणून जी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, तिचा बराचसा भाग असा सर्व खेड्याचा असतो. ऐकणारा मात्र तिला जात चिकटवितो.

महत्त्वाचा मुद्दा या रूपांच्या जागेचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत, पात्राच्या तोंडी घातलेल्या भाषणात बोलीचे उच्चार जसेच्या तसे लिहिण्यास मोकळीक आहे. इतर लेखन नियमांप्रमाणे व्हावे, अशी अपेक्षा. मराठी कथा-कादंबरीने ही वाटणी फार प्रामाणिकपणे पाळली: निवेदक शुद्ध बोलणार आणि गावकुसाबाहेरचा माणूस अवतरणचिन्हांत बोलणार. शांताबाईंनी ती अवतरणचिन्हेच काढून टाकली. ‘माज्या’ हे शीर्षकात आले, म्हणजे बोली पात्राच्या तोंडून उठून लेखिकेच्या नावाशेजारी मुखपृष्ठावर गेली. आजवर जी नियमाच्या सवलतीने बोलत होती, तिने सवलत नाकारली. अशा पुस्तकांना ‘अनुभवाचे अस्सल दस्तऐवज’ म्हणून गौरविण्याची आणि तेवढ्यावर थांबण्याची आपल्या समीक्षेची खोड आहे. त्या गौरवात एक अवमान दडलेला असतो. लेखिकेने काही निवडले, हे तो मान्य करीत नाही.

याची उलट बाजू कुमुद पावडे यांच्या पुस्तकात आहे. संस्कृत शिकून संस्कृतच्या अध्यापिका झालेल्या या लेखिकेने आपल्या संस्कृत शिक्षणाची कहाणी त्यात सांगितली आहे आणि पुस्तकाला जे नाव दिले ते विसर्गासह संस्कृत आहे. हे नाव ‘जिणं आमुचं’पेक्षा कमी दलित किंवा कमी स्वतःचे, असे म्हणणारा वाचक दलित स्त्रीने कसे बोलावे हे आधीच ठरवून बसलेला असतो. विसर्ग हासुद्धा येथे हक्काने घेतलेला ध्वनी आहे.

ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंतच्या महाविद्यालयांत मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. त्यांतील कोणाच्या घरी आगरी बोलली जाते, कोणाचे आईवडील रत्नागिरीकडून, कोणाचे देशावरून किंवा खानदेशातून या गाडीमार्गावर येऊन राहिलेले असतात. घरी ‘जल्म’ म्हणणारी आजी आणि प्रबंधात ‘जन्म’ लिहिणारी नात एकाच खोलीत असतात. नातीने ‘आम्ही’ लिहिले तर त्यात आजी आहे की नाही, याचे उत्तर तिला द्यावेच लागते.

‘जिणं आमुचं’च्या प्रकाशनामागे फलटणमध्ये राहिलेल्या एका भाषाशास्त्रज्ञ स्त्रीचे साहाय्य होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने नोंदण्याजोगी आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांचा सामाजिक अंगाने अभ्यास करून १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळविली होती. बेबीताईंनी वह्या भरल्या होत्या, पण घरच्यांपासून विशेषतः पतीपासून त्या कित्येक वर्षे लपवून ठेवल्या होत्या. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, रद्दीच्या कागदांवरचा मजकूर वाचत त्यांचे वाचन-लेखन चाललेले असे. पुढे माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. तो २००८ मध्ये निघाला. त्यात जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की पतीची मारहाण त्यांनाही सोसावी लागली होती. पण पुस्तक समाजाचे होते म्हणून स्वतःचे ते दुःख त्यांनी त्यात मांडले नाही.

‘आमुचं’ या शब्दाची किंमत येथे कळते. या पुस्तकात सुनांचा छळ आहे, नाके कापलेल्या बायका आहेत, पुरुषांच्या अत्याचाराविषयी जराही लपवाछपवी नाही. परंतु ते सारे ‘आम्हा बायकांचे’ म्हणून येते. लिहिणारीचा स्वतःचा नवरा अनेकवचनाच्या मागे सुरक्षित राहतो. वरिष्ठ जातीचा वाचक समोर बसलेला असताना घरातले काढून दाखवावे तर ते समाजाविरुद्ध वापरले जाणार, ही भीती खोटी नव्हती. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे का बोलतात याची जी मीमांसा केली, तिचा रोख वरिष्ठवर्गीय स्त्रीचळवळ आणि दलित पुरुषांचे नेतृत्व अशा दोन्हींकडे होता. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या ग्रंथात ही आत्मकथने समाजाच्या साक्षी म्हणून वाचली. ते वाचन मोलाचे आहे. मात्र साक्ष म्हणून वाचताना साक्षीदाराने काय सांगावयाचे टाळले, तेही वाचले पाहिजे. आणि ते बहुधा एकवचनात असते.

उर्मिला पवार यांनी मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास १९८९ मध्ये लिहिला. त्याचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. यात कर्मणी प्रयोग असल्याने क्रियापद ‘इतिहास’ या पुल्लिंगी नामाशी जुळते आणि बोलणाऱ्या स्त्रिया आहेत हे वाक्यात कोठेच उमटत नाही. ते पुस्तक उघडल्यावरच कळते. उरतो तो ‘ही’. सारे सामर्थ्य त्या एका अव्ययात आहे, आणि सारी तक्रारही. चौदा वर्षांनी त्याच लेखिकेने ‘आयदान’ लिहिले, तेव्हा ‘मी’ आला: फणसवळ्याचे बालपण, नोकरी, विवाहानंतर एम.ए. होताना घरातून झालेला विरोध, लेखिका म्हणून नाव होऊ लागल्यावर पतीशी वाढत गेलेले अंतर. बेबीताईंनी जे ‘आम्ही’त झाकले ते येथे ‘मी’ने उघडे केले. दोहोंत धीट कोण, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. मधल्या सतरा वर्षांत वाचक बदलला होता आणि पहिल्या पुस्तकांनी वाट केली होती.

फ्रेंच वाङ्मयात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आत्मचित्रणाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून थोडा तिकडे वळसा घेणे उपयोगी ठरेल. १८२३ ची ‘उरिका’ ही कादंबरी सेनेगलहून आणलेल्या एका काळ्या मुलीच्या ‘मी’मधून सांगितलेली आहे, ती लिहिली क्लेर द द्युरास या गोऱ्या सरदारघराण्यातील स्त्रीने. ‘मी मार्तिनिकची’ अशा अर्थाच्या नावाचे मायोत कापेसिया यांचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले आणि १९५२ मध्ये फ्रांत्झ फानोन यांनी त्यावर कठोर टीका केली. पुढील संशोधनाने दाखविले की त्या पुस्तकाच्या घडणीत इतरांचे हात बरेच होते. म्हणजे फानोन ज्या ‘मी’वर रागावले तो कितपत तिचा, हेच अनिश्चित. १९७८ मध्ये आवा त्याम यांनी आफ्रिकी स्त्रियांची निवेदने त्यांच्याच शब्दांत एकत्र आणली आणि शीर्षकात, शिवी म्हणून वापरला जाणारा स्त्रीलिंगी शब्द मुद्दाम घेतला. २०१८ मध्ये आइसा मायगा यांच्या पुढाकाराने सोळा अभिनेत्रींनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘काळी असणे हा माझा व्यवसाय नव्हे’ असा होतो. लिहिणाऱ्या सोळा, पण सर्वनाम एकवचनी. नटीला चित्रपटात ‘काळी बाई’ याच भूमिका मिळतात, आणि त्या भूमिकेत ती सदैव अनेकवचन असते. तेथे ‘माझा’ म्हणणे हेच बंड ठरले. फलटणच्या दुकानात ‘आमुचं’ हे बंड होते. सर्वनाम एकच सदा मुक्तिदायक असते असे नाही.

मराठी आणि फ्रेंच यांची प्रत्यक्ष गाठ अनुवादात पडली. पुण्यात स्थायिक झालेले आणि हेमा राईरकर यांच्यासह जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह करणारे गी प्वातव्हँ यांनी ‘जिणं आमुचं’ फ्रेंचमध्ये नेले. १९९१ च्या त्या अनुवादाच्या नावाचा अर्थ ‘अस्पृश्य स्त्रीची वाणी’ असा आहे. इंग्रजी अनुवादाच्या नावात ‘आम्ही फोडलेले तुरुंग’ असा आशय येतो. फ्रेंच शीर्षकात सर्वनाम गेले आणि त्याच्या जागी दोन ओळखपत्रे आली, जात आणि लिंग. मूळ शीर्षकात दोन्ही नव्हती. मराठी वाचकाला ती सांगावी लागत नव्हती. इंग्रजीत सर्वनाम टिकले, पण भाषेला भेद माहीत नसल्याने वाचक त्यात सुखाने शिरू शकतो. ‘आमुचं’ वाचताना सवर्ण मराठी वाचकाला जो दरवाजा बंद दिसतो तो इंग्रजीत उघडा आहे. अनुवादकांचा यात दोष नाही. लक्ष्यभाषेत ती खुंटीच नाही.

रंगमंचाकडे वळताच प्रश्न आणखी गुंततो, कारण तेथे ‘मी’ लिहिणारा आणि ‘मी’ उच्चारणारी यांची फारकत उघड असते. लावणीत स्त्रीलिंगी क्रियापदे भरपूर आहेत. शृंगाराची मागणी, रुसवा, विरह सारे ‘मी’ म्हणून येते. पण त्या ‘मी’चे कर्ते होनाजी, राम जोशी, पठ्ठे बापूराव असे शाहीर आहेत. हिवरगावच्या पवळाबाईंनी बापूरावांच्या लावण्यांना जो कंठ आणि देह दिला, त्यावाचून त्या लावण्यांचे काय झाले असते हे सांगता येत नाही. तरी कवी म्हणून नाव एकाचेच उरले. ‘उरिका’ची आठवण येथे होते, एवढ्या फरकाने की उरिका कागदावरच राहिली आणि पवळाबाईंना तो ‘मी’ अंगावर वागवून गावोगाव उभे राहावे लागले. शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांना ‘अश्लील’ ठरविणाऱ्या व्यवस्थेचा आणि त्यातून माणुसकी मिळविण्याच्या त्यांच्या धडपडीचा इतिहास मांडला आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात एवढी भर घालावी की लावणीतील स्त्रीलिंगी प्रथमपुरुष हा आत्मचित्रणाचा पुरावा म्हणून घेताना प्रत्ययावर विसंबू नये.

सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग १९८९ चा. त्यातील ‘व्हय’ हा रंगमंचाने दिलेला शब्द आहे. सावित्रीबाईंचा १८५४ चा ‘काव्यफुले’ हा संग्रह ग्रांथिक पद्यभाषेत आहे. डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाईंचे नाव आहे, आणि तेथे जाणाऱ्या प्रेक्षकाला त्या नेहमी ‘व्हय’ म्हणत असतील असेच वाटण्याचा संभव आहे. बोली ही लोकांशी जवळीक दाखविण्याची खूण होऊन बसली, याचे हे उदाहरण. शांताबाईंनी बोली स्वतः निवडणे आणि नाटकाने सावित्रीबाईंसाठी ती निवडणे, या दोन क्रिया एक नव्हेत.

दूरदर्शनने १९९० मध्ये ‘माज्या जल्माची चित्तरकथा’वरून मालिका केली, तिचे नाव ‘नाजुका’. शांताबाईंचे लहानपणीचे नाव नाजा. बोलीतले ‘माज्या’ गेले, प्रथमपुरुष गेला, आणि त्या जागी जे नाव आले त्यात ‘नाजूक’ हा गुण ऐकू येतो. सोलापूर जिल्ह्यात शिक्षिका म्हणून पाय रोवणाऱ्या स्त्रीला तो कितपत शोभतो, हे वाचकाने पुस्तक वाचून ठरवावे.

‘आयदान’ सुषमा देशपांडे यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने २०१४ मध्ये रंगमंचावर आणले. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या कामट्यांची सुपे-टोपल्या इत्यादी वस्तू. ती विणणारी आई आणि लिहिणारी मुलगी यांची वीण एकच, असे लेखिकेनेच प्रस्तावनेत सुचविले आहे. (शब्दाच्या आरंभी ‘आय’ ऐकू येते, म्हणून त्याची व्युत्पत्ती आईशी जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांनी आवरावा.) या प्रयोगात उर्मिलेची भूमिका एका नटीकडे नाही. तीन नटी आळीपाळीने तिचा ‘मी’ उचलतात आणि ज्या क्षणी एक उर्मिला असते त्या क्षणी इतर दोघी तिची आई, मैत्रीण, सासू किंवा नवरा होतात. क्रियापद एकवचनी स्त्रीलिंगीच राहते, पण ते तीन कंठांतून येते. पुस्तकात लेखिकेला ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांपैकी एक निवडावे लागले होते. रंगमंचावर तिघींनी ‘मी’च म्हटले, आणि प्रेक्षकाला ‘आम्ही’ ऐकू आले. तेही लिंग न पुसता.